पाण्याचा हिशेब वेगळा, दारूचा वेगळा

पत्र : डॉक्टर, माझं वय ४६. गेली तीन वर्षं दर रविवारी पहाटे आमचा सहा-सात जणांचा गट सायकली घेऊन बाहेर पडतो. दोन-अडीच तास दामटून चालवतो, घामाने कपडे पिळून काढावेत अशी गत होते. परत आल्यावर दुपारी कुणाच्या तरी घरी बसतो आणि बिअर होते. अर्ध्या लिटरचे दोन, कधी तीन कॅन. एरवी आठवडाभर मी घेत नाही. महिन्यातून एखाद्या रात्री व्हिस्की होते, तेवढंच.

आमच्यातला एक म्हणतो, बिअर म्हणजे ९५ टक्के पाणीच, घामाने गेलेलं भरून निघतं, वर किडनी धुऊन निघते. दुसरा म्हणतो, दारू शरीर सुकवते, पण प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी प्यायलं की काही होत नाही. मी दोघांचंही ऐकत आलो. बिअर पिताना लघवीही पाण्यासारखी स्वच्छ होते, त्यामुळे शरीरात पाणी भरपूर आहे असंच मला वाटायचं.

दहा दिवसांपूर्वीच्या रविवारी दुपारी एकपासून तीन कॅन झाले आणि रात्री व्हिस्कीचे ६० मिलिलिटरचे दोन पेग. पहाटे अडीचला लघवीला उठलो. उभा होतो तिथेच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. काही क्षण शुद्ध गेली असावी. भुवईवर टेंगूळ आलं. बायको आवाजाने धावत आली. तेव्हापासून ती डॉक्टरांना दाखवा म्हणून मागे लागली आहे. मी म्हणतो, पाणी कमी पडलं असेल, पुढच्या वेळी जास्त पिईन. आठ महिन्यांपासून मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ज्याने लघवी जास्त होते ती. नेमकं बरोबर कोणाचं?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. बरोबर वहिनींचं आहे.

दोन्ही मित्रांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे, ते पुढे सांगतेच. पण तुम्ही पडलात, शुद्ध गेली, डोक्याला मार लागला आणि तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. या चार गोष्टी एकत्र आल्यावर ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणून विषय सोडून देता येत नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि या दहा दिवसांत डोकं सतत दुखत असेल, दुखणं वाढत चाललं असेल, उलट्या होत असतील, सारखी गुंगी येत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा एका बाजूचा हातपाय जड वाटत असेल, तर आठवडा सोडा, आजच्या आज जा. डोक्याला मार लागल्यावर आत हळूहळू साकळणारं रक्त कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी त्रास द्यायला लागतं. टेंगूळ उतरलं म्हणजे आतही सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.

आता पाण्याबद्दल.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते मात्र दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पाणी वाटेतच शोषून पुन्हा रक्तात घेतलं जातं. यातला बराचसा भाग आपोआप होतो. अगदी शेवटच्या टप्प्यावर किती पाणी परत घ्यायचं आणि किती सोडून द्यायचं, हे ठरवतं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक. ते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात सुटतं. शरीरातलं पाणी कमी होऊन रक्त जरा दाट झालं की व्हॅसोप्रेसिन वाढतं, मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या भिंतींमध्ये पाण्याच्या वाटा उघडतात आणि पाणी परत खेचलं जातं. लघवी थोडी आणि गडद होते. उन्हात दिवसभर फिरल्यावर होते ना, तशी.

दारू या संप्रेरकालाच आवर घालते. रक्तात अल्कोहोल चढायला लागलं की पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन सुटणं कमी होतं, त्या वाटा मिटतात, आणि जे पाणी परत यायचं ते लघवीतून निघून जातं. बसल्यावर पहिला अर्धा तास काही जाणवत नाही आणि मग एकदा उठलं की दर थोड्या वेळाने उठावं लागतं, हे तुम्ही कितीदा तरी अनुभवलं असेल. ‘पहिल्यांदा गेलो म्हणून आता सारखं जावं लागतंय’ असं लोक म्हणतात. पहिल्या खेपेचा त्यात काही दोष नाही. रक्तात आधीपासून असलेलं व्हॅसोप्रेसिन ओसरायला आणि मूत्राशय भरायला तेवढा वेळ लागतो, इतकंच.

यातला आकडाही बराच जुना आहे. १९४२ साली ग्रेस एगल्टन या संशोधिकेने माणसांवर मोजमाप करून दाखवलं, की पोटात गेलेल्या दर ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १० मिलिलिटर लघवी जास्तीची होते. हा परिणाम रक्तातलं अल्कोहोल वाढत असताना दिसतो, ते उतरणीला लागलं की थांबतो, हेही त्यांनीच दाखवलं.

हा आकडा तुमच्या ग्लासांना लावून बघू. अर्धा लिटर बिअर, ५ टक्के अल्कोहोलची. म्हणजे २५ मिलिलिटर अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वजन सुमारे २० ग्रॅम. जास्तीची लघवी २०० मिलिलिटर. आत गेलं अर्धा लिटर, जास्तीचं बाहेर गेलं पाव लिटरहून कमी. खात्यावर काहीतरी शिल्लक राहिलं. वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास, १२ टक्क्यांचा, धरला तर अल्कोहोल १४ ग्रॅम आणि जास्तीची लघवी १४० मिलिलिटर. आलं तेवढं गेलं. व्हिस्कीचा तुमचा ६० मिलिलिटरचा पेग, ४० टक्क्यांचा, म्हणजे अल्कोहोल १९ ग्रॅम आणि जास्तीची लघवी १९० मिलिलिटर. तो पाणी-सोडा न मिसळता घेतलात तर प्यायलात त्याच्या तिप्पट घालवून बसलात. म्हणून ‘दारू शरीर सुकवते का’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. किती कडक पेय, किती भरभर घेतलं आणि सोबत पाणी किती गेलं, त्यावर ते ठरतं.

हा ढोबळ हिशेब आहे, आणि तो अंगात पुरेसं पाणी असलेल्या माणसाचा आहे. शरीर आधीच सुकलेलं असेल तर ते इतक्या सहजासहजी पाणी सोडत नाही, तेव्हा दारूचा हा परिणाम बराच बोथट होतो. २०१६ साली एका ब्रिटिश अभ्यासात १३ वेगवेगळी पेयं लोकांना पाजून पुढचे चार तास लघवी मोजली गेली. त्यात साधी बिअर पाण्यापेक्षा फारशी वेगळी ठरली नाही. नेदरलँड्समध्ये वयस्कर पुरुषांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बिअरने लघवी विशेष वाढली नाही. वाइन आणि कडक दारूने ती पहिल्या काही तासांत वाढली, पण २४ तासांनी एकूण मोजली तर फरक उरला नव्हता. म्हणजे मित्र क्रमांक एक अगदीच हवेत बोलत नाहीत. बेताने घेतलेल्या बिअरने माणूस वाळवंटासारखा कोरडा पडत नाही. मला लोकांना घाबरवायचं असतं तर ही गोष्ट मी लिहिली नसती.

त्यांचं चुकतं ते पुढच्या वाक्यात. ‘घामाने गेलेलं भरून निघतं.’ १९९७ साली शिरेफ्स आणि मॉन या दोन संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. व्यायाम करून घामावाटे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी घालवलेल्या माणसांना त्यांनी बिनअल्कोहोलचं, १, २ आणि ४ टक्के अल्कोहोलचं पेय दिलं, आणि गेलेल्या पाण्याच्या दीडपट दिलं. कमी टक्क्यांपर्यंत विशेष फरक पडला नाही. ४ टक्क्यांवर मात्र रक्ताचं आकारमान पूर्ववत व्हायला वेळ लागला. तुमची बिअर ५ टक्क्यांची, आणि तुम्ही घाम जाईल त्याच्या दीडपट वगैरे मोजून पीत नाही. पोट गार आणि भरलेलं वाटतं, तहान भागल्यासारखी वाटते, पाण्याची बाटली बाजूला पडून राहते. रक्तवाहिन्यांत जे पाणी लवकर परत यायला हवं होतं, ते रेंगाळतं. तुमच्या बाबतीत वर लघवी वाढवणारी गोळी.

आता त्या पाण्यासारख्या लघवीबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजीची वाटलेली ओळ तीच होती, कारण तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवून चालला होता. लघवीचा रंग हे एरवी फार उपयोगी लक्षण आहे. फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद आणि थोडी म्हणजे पाणी प्या. शाळेतल्या मुलालाही हे सांगता येतं. पण मूत्रपिंड स्वतःच्या मर्जीने काम करत असेल तेव्हाच हा रंग खरं बोलतो. दारू चढत असताना मूत्रपिंडाला पाणी राखायचा निरोपच मिळत नाही. अंगात पाणी जास्त झालंय म्हणून ते सोडत नसतं, त्याला अडवता येत नाही म्हणून सोडत असतं. घरातली टाकी भरून वाहते आहे की तळाचा नळ उघडा राहिलाय, हे नुसतं मोरीत पडणारं पाणी पाहून कळणार नाही. त्या दोन-तीन तासांत लघवी कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यावरून काही ठरवू नका. रंग पाहायचा तर पहिल्या घोटाच्या आधी पाहा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. तोवर व्हॅसोप्रेसिन परत जोरात कामाला लागलेलं असतं आणि रात्री लपलेली तूट सकाळी गडद रंगात समोर येते.

मित्र क्रमांक दोन, ग्लासामागे ग्लास पाणीवाले. त्यांचा सल्ला मी मोडीत काढणार नाही. मध्ये पाणी प्यायल्याने पिण्याचा वेग कमी होतो, एकूण दारू कमी जाते, घसा कोरडा पडत नाही. पण ‘मग काही होत नाही’ हे खोटं आहे, आणि यामुळेच माणसं दोनाच्या जागी चार घेतात. प्यायलेलं अल्कोहोल यकृतालाच मोडावं लागतं आणि यकृताचा वेग ठरलेला आहे, बहुतेकांमध्ये तासाला ७ ते १० ग्रॅम. त्या रविवारी तुमच्या पोटात तीन कॅनचं ६० ग्रॅम आणि दोन पेगचं ३८ ग्रॅम, मिळून जवळपास १०० ग्रॅम अल्कोहोल गेलं. ते मोडायला १० ते १४ तास लागतात. दुपारी एकपासून मोजलं तर पहाटे अडीचला तुमच्या रक्तात अल्कोहोल उरलेलं असणं अगदी शक्य आहे. मध्ये दहा ग्लास पाणी प्यायला असतात तरी हा काळ घटला नसता. हातावर सलाइन लावलं तरी घटत नाही. कडक कॉफीनेही नाही, तिने फक्त जाग येते.

हँगओव्हरचंही तसंच. घसा सुकणं, तहान, उठल्यावर भोवंडणं, एवढं पाण्याने सुधारतं. पण मळमळ, डोकेदुखी, हातापायांतलं त्राण जाणं, चिडचिड यामागे बाकीच्या गोष्टी जास्त असतात : पोटाच्या अस्तराचा दाह, अल्कोहोल मोडताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड, अंगभर उठलेली सूज आणणारी रसायनं, अर्धवट झोप. त्यांना पाण्याचा ग्लास शिवतही नाही. आणि सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा थोडी घ्यायची कल्पना कुणी पुढे केली तर सरळ नाही म्हणा. त्याने त्रास फक्त पुढे ढकलला जातो, आणि उताऱ्याची गरज रोज वाटायला लागली तर ते व्यसन लागल्याचं लक्षण असतं.

शिकत असताना रात्रपाळीत पाहिलेला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. विशीतल्या एका मुलाला त्याचे मित्र उचलून घेऊन आले होते. शर्टाचा पुढचा सगळा भाग ओलाचिंब, केसांतून पाणी निथळतंय. मला वाटलं पावसात भिजले. तर नाही, वाटेत सगळा वेळ ते त्याला बाटलीने पाणी पाजत होते, ‘पाणी गेलं की उतरेल’ म्हणून. तो इतका गुंगीत होता की गिळतही नव्हता. थोडं पाणी श्वासनळीत गेलं होतं, छातीतून घरघर ऐकू येत होती. त्या मुलांचा जीव तुटत होता मित्रासाठी, आणि त्याच हातांनी ती त्याचा श्वास कोंडत होती. तो वाचला. पण हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, तुमच्या गटालाही सांगा : हाक मारून, हलवून जो नीट जागा होत नाही त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. श्वास अगदी संथ झाला, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडायला लागलं, ओठ निळसर दिसले, अंग गार पडलं, झटका आला, तर क्षणही न दवडता रुग्णवाहिका बोलवायची.

आता तुमच्या त्या रात्रीबद्दल बोलू. त्या पडण्याचं कारण एकटं पाणी नसावं असं मला वाटतं. अल्कोहोलने कातडीतल्या आणि एकूणच रक्तवाहिन्या सैलावतात. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, तेव्हा या वाहिन्यांनी झटकन आवळून रक्तदाब सांभाळायचा असतो. दारूच्या अमलाखाली त्या वेळेवर आवळत नाहीत. त्यात तुम्ही ऊबदार अंथरुणातून एकदम उठलात, मूत्राशय तुडुंब भरलेलं. ते रिकामं होत असताना रक्तदाब आणखी खाली येतो, हृदयाचे ठोके मंदावतात. सकाळच्या घामाची भरपाई न झालेली, दिवसभर लघवीवाटे गेलेलं, आणि गोळीने काढलेलं, असं सगळं मिळून वाहिन्यांत रक्ताचं आकारमान आधीच कमी. मेंदूला काही क्षण रक्त पुरलं नाही आणि तुम्ही कोसळलात. लघवी करताना भोवळ येऊन पडण्याचा हा प्रकार डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. पुरुषांमध्ये, रात्री आणि दारूनंतर तो जास्त दिसतो.

पण ‘असावं’ असं मी म्हणते आहे, कारण तुम्हाला मी तपासलेलं नाही. भरपूर दारूनंतर हृदयाची लयही बिघडू शकते आणि त्यानेही शुद्ध जाते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घटलेलं असू शकतं. पोटॅशियम कमी असेल तर हृदयाची लय बिघडायची शक्यता आणखी वाढते. म्हणून डॉक्टरांना सांगा की मला आडवं झोपवून आणि मग उभं करून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजा. ईसीजी, सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन या तपासण्या ते बहुधा स्वतःच सांगतील. गोळीचं काय करायचं, ती बदलायची की मात्रा कमी करायची, ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही आपल्या मनाने ती बंद करू नका, आणि ‘आज प्यायची आहे म्हणून आज गोळी नको’ हा प्रयोगही नको.

इथेच तुमच्या ‘पुढच्या वेळी जास्त पाणी पिईन’ या बेताला मला हात लावून थांबवायचं आहे. तुमच्या प्रकारच्या गोळीवर असताना घाम गाळून, पोटात नीट अन्न न घालता, बिअर आणि वर लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलात तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायलाही थोडं मीठ, थोडी प्रथिनं लागतात. नुसत्या बिअरवर आणि पाण्यावर राहणाऱ्यांना त्यामुळेच हा त्रास होतो. डोकं जड होणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं अशी त्याची सुरुवात असते, आणि ते नेमकं दारू चढल्यासारखंच दिसतं. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

किडनी धुऊन निघण्याचं तर मनातून काढूनच टाका. जास्त लघवी झाली म्हणून मूत्रपिंड स्वच्छ होत नाही, ते कधी घाण झालेलंच नसतं. मुतखडा होऊ नये म्हणून लघवी भरपूर व्हायला हवी हे खरं, पण ते काम पाणी करतं आणि दिवसभर करतं. बिअरने रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि सांधे सुजवणारा गाउट होतो, हे सांगायला मात्र कुणी मित्र पुढे येत नाही.

डॉक्टरांना भेटून सगळं स्पष्ट होईपर्यंत एक थेंबही घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. तुम्ही आठवड्यातून एकदाच घेता, त्यामुळे थांबल्याने अंगाला काही होणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला मी हे असं पत्रातून सांगितलं नसतं. त्याने अचानक सोडली तर हातपाय कापणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

सायकल मात्र सोडू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं की पुन्हा सुरू करा, आणि एक सोपी गोष्ट करा. निघताना लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून, तशाच कपड्यांत पुन्हा करा. वजन एक किलोने घटलं असेल तर साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या तीन-चार तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी हळूहळू आत जाऊ द्या, आणि सोबत व्यवस्थित जेवा. जेवणातल्या मिठामुळे ते पाणी अंगात टिकतं. रक्तदाब आहे म्हणून क्षार-साखरेचं पाणी उगाच रोज घेऊ नका. ते जुलाब-उलट्यांसाठी आणि फार घाम गेल्यावर, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. दोन-तीन रविवार वजन केलंत की आपलं किती पाणी जातं हे तुम्हाला काटा न पाहताही कळायला लागेल.

पुढे कधी डॉक्टरांच्या संमतीने घेतलीच, तर ती ही भरपाई पुरी झाल्यावर, जेवल्यावर, आणि लघवी एकदा नेहमीसारखी फिकट पिवळी होऊन गेल्यावर. दुपारची आणि रात्रीची अशी एकाच दिवशी दोनदा कधीच नको. तुमचे तीन कॅन म्हणजे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत एवढं किंवा याहून जास्त पिण्याला अतिसेवनात धरते. तुम्ही स्वतःला ‘आठवड्यातून एकदा घेणारा’ म्हणता आणि ते खरंही आहे, पण शरीराला आठवड्याची सरासरी कळत नाही, त्याला त्या दुपारचे तीन कॅनच कळतात. आणि दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं याच संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटलं आहे. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत तर ती १९८८ पासून आहे. कमी केलीत तर मला मनापासून बरं वाटेल. सोडलीत तर त्याहून.

आजपासूनच करायच्या दोन-तीन गोष्टी दारू न घेतलेल्या रात्रीही लागू आहेत. झोपताना घोटभर पाणी पुरे, लिटरभर नको, नाहीतर पुन्हा अपरात्री उठणं आलं. उठावं लागलं तर आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिटभर बसा, घोटे वरखाली हलवा, मग उभे राहा. दिवा लावा. आणि लघवी बसून करा. पुरुषांना हे सांगितलं की ते ओशाळतात, पण बसलेल्या माणसाला भोवळ आली तरी त्याचं डोकं फरशीवर तेवढ्या उंचीवरून आदळत नाही. आतून कडी लावू नका. डोळ्यांपुढे अंधारायला लागलं तर भिंत धरून उभं राहायचा प्रयत्न न करता तिथेच खाली बसा, आडवे व्हा, पाय वर घ्या आणि वहिनींना हाक मारा. त्यांची झोपमोड होईल म्हणून संकोच करू नका. गेले दहा दिवस त्या तुमच्या उठण्याची चाहूल घेतच झोपत असणार.

डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या. तुम्ही पडल्यावर किती वेळ उत्तर दिलं नाहीत, अंग घामेजलं होतं की कोरडं, चेहरा पांढरा पडला होता का, हातपाय झटकले होते का, हे तुम्हाला ठाऊक नाही, त्यांनी पाहिलं आहे. आणि कागदावर लिहून न्या : त्या दिवशी किती वाजता किती प्यायलात, काय खाल्लंत, गोळी किती वाजता घेतलीत, तिचं नाव काय. मला लिहिलंत तसं सगळं लिहा, तीन कॅन आणि दोन पेग. तिथे आकडा कमी करून सांगू नका.